मरणोन्मुखांचे सोबती : संत कामिलस दे लेलिस

रोझरीची माळ ओढताना आपण पवित्र मरियेजवळ जी याचना करतो, ती दोनच वेळांसाठी करतो. एक आताची वेळ आणि दुसरी मरणाची. एका माळेत पन्नासाहून अधिक वेळा हे मागणे आपल्या मुखातून जाते. तथापि ज्या घरात खरोखरच कोणी शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले आहे, त्या घरात मात्र मरणाचा शब्द उच्चारण्यास कोणी धजत नाही. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन सांगतात, मुलगा ते बापापासून लपवतो, आणि बाप सारे काही ओळखून मुलापासून लपवतो. फादरांना बोलावण्याची गोष्ट निघाली, तर त्यांना पाहून दुखणेकऱ्याचा धीर सुटेल या भीतीने ती उद्यावर टाकली जाते. पुष्कळदा तो उद्या उजाडतो तेव्हा दुखणेकऱ्याची शुद्ध हरपलेली असते.

ज्युबिलीच्या आनंदोत्सवात ही मरणाची गोष्ट कशाला, असे एखादा वाचक विचारील. परंतु ज्या वर्षांचा हा उत्सव आपण मांडला आहे, त्या वर्षांत आपल्या किती वडीलधाऱ्यांना आपण मंदिराशेजारच्या दफनभूमीत पोचवून आलो! त्यांच्या शेवटच्या रात्री उशाशी कोण बसले होते, हाही ज्युबिलीच्या हिशेबातलाच प्रश्न आहे. हा प्रश्न ज्याने आपल्या सबंध आयुष्याचा प्रश्न केला, अशा एका संताचे चरित्र येथे देण्याचे योजिले आहे.

कामिलस दे लेलिस याचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीच्या अब्रुत्सी प्रांतातील बुक्किआनिको या गावी झाला. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमाराचा. म्हणजे हे दोघे समकालीन होत. कामिलसची आई कामिल्ला हिचे वय बाळंतपणाचे राहिले नव्हते, आणि गावकऱ्यांना या जन्माचे मोठे नवल वाटले. बाळ पोटात असता तिने एक स्वप्न पाहिले. छातीवर क्रूस असलेला एक मुलगा पुढे चालला आहे आणि त्याच्या मागून तशाच क्रुसाची खूण ल्यालेली मुलांची रांग येत आहे, असे ते स्वप्न होते. त्या काळी फाशीची शिक्षा झालेल्यांच्या छातीवर क्रूस लावीत; सबब आपला मुलगा दरोडेखोरांचा नायक निपजणार, असाच अर्थ त्या माउलीने घेतला आणि त्या काळजीतच ती इ. स. १५६२ मध्ये वारली.

मुलाचे वर्तनही आईची भीती खरी ठरवण्याच्या मार्गाला लागले. बाप जोवान्नी हा पेशाने सैनिक. त्याच्याकडून मुलाने उंचीपुरी देहयष्टी, तापट स्वभाव आणि जुगाराचे व्यसन एवढे घेतले. कामिलस वाढून सहा फुटांहून चांगलाच उंच झाला. तुर्कांशी लढणाऱ्या व्हेनिसच्या फौजेत भरती होण्यास बापलेक निघाले, तो वाटेतच बाप वारला. आणि मुलाच्या पायावर एक जखम उघडली, ती पुढे शेवटपर्यंत बरी झाली नाही. इ. स. १५७१ मध्ये तो रोमला असाध्य रोग्यांसाठी असलेल्या संत याकोबाच्या इस्पितळात गेला. तेथे उपचाराच्या मोबदल्यात तो चाकरी करू लागला. पण पत्ते, फासे आणि भांडणे यांपायी काही महिन्यांतच त्याला हाकलून देण्यात आले. पुन्हा लढाया, पुन्हा जुगार. इ. स. १५७४ मध्ये नेपल्स शहरात त्याने होते नव्हते ते सारे डावावर लावले आणि गमावले. अंगातला सदरासुद्धा गेला, असे सांगतात.

मांफ्रेदोनिया गावी चर्चच्या दाराशी भीक मागत असता त्याला कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली. गाढवावर सामान लादून आणणे हे त्याचे काम. एकदा त्याला सान जोवान्नी रोतोंदो येथील मठात पाठवले होते. तेथील एका संन्याशाने रात्री त्याच्याशी चार गोष्टी केल्या, आणि दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, बाळ येशूच्या समर्पणाच्या सणादिवशी, परतीच्या वाटेवर तो धुळीत गुडघे टेकून ढसढसा रडला. (हे सान जोवान्नी रोतोंदो म्हणजेच पुढे पाद्रे पियो यांचे गाव. इ. स. १९५६ मध्ये त्यांनी दुःखी रोग्यांसाठी तेथे मोठे इस्पितळ उघडले.) कामिलस यांनी कापुचिन संघात प्रवेश घेतला, परंतु झग्याच्या घर्षणाने पायाची जखम पुन्हा वाहू लागली आणि त्यांना परत पाठवण्यात आले. काही वर्षांनी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा तसेच घडले. दोन्ही वेळा त्यांना जावे लागले ते त्याच संत याकोबाच्या इस्पितळात. आता मात्र ज्याला तेथून हाकलले होते, त्याच्यावरच इस्पितळाच्या कारभाराची जबाबदारी आली.

त्या काळची इस्पितळे कशी होती, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे काही उमगणार नाही. घरी पाहणारे कोणी असेल तो माणूस इस्पितळात जात नसे. गरीब, परके, यात्रेकरू आणि ज्यांच्या रोगाची शेजाऱ्यांना किळस येई, असेच लोक तेथे येत. इस्पितळे धर्मादायाची होती, इमारती भव्य होत्या, देणग्याही होत्या. उणीव होती ती मायेच्या माणसांची. पगारावर मिळेल तो माणूस ठेवीत, आणि हे काम इतके हीन समजले जाई की, दुसरीकडे ज्याला थारा नाही तोच येथे येई. रात्री पाणी मागणाऱ्या रोग्याला पाणी मिळेना. जेवण समोर आदळून नोकर निघून जाई. ज्याच्या हातात घास उचलण्याची ताकद नाही तो उपाशी राही. सर्वांत वाईट अवस्था मरणासन्नांची. जो जगणार नाही, त्याच्यावर वेळ कशाला घालवायचा, असाच हिशेब असे. श्वास मंद झाला की चेहऱ्यावर चादर ओढीत, आणि धुगधुगी असतानाच एखाद्याला मुडद्यांच्या खोलीत नेऊन टाकल्याचेही प्रकार घडत. धर्मकृत्यांचीही हीच तऱ्हा. रोगी आत आला की पापनिवेदन उरकून घ्यायचे, मग तो तापाने बरळत असो की भीतीने हो ला हो म्हणत असो.

कामिलस यांनी आधी नोकरांना शिस्त लावून पाहिली. ते रात्री-अपरात्री अचानक फेऱ्या मारीत. पण पगारासाठी येणाऱ्याच्या अंतःकरणात माया कोठून आणायची, हा प्रश्न सुटेना. इ. स. १५८२ च्या ऑगस्ट महिन्यात एका रात्री दुखणेकऱ्यांमध्ये बसले असता त्यांच्या मनात आले की, वेतनाची अपेक्षा न करता केवळ देवाच्या प्रीतीस्तव ही सेवा करणाऱ्या माणसांची एक मंडळी उभारावी. चारपाच सोबती मिळाले. पण इस्पितळाच्या चालकांना वाटले, हा माणूस इस्पितळच बळकावू पाहत आहे; त्यांनी मंडळीची प्रार्थनेची खोली मोडून टाकवली. त्या खोलीतला क्रूस कामिलस यांनी आपल्या निजण्याच्या जागी नेला. निराश होऊन त्या क्रुसासमोर पडले असता, हे कार्य तुझे नसून माझे आहे, अशा अर्थाचे आश्वासन प्रभूने दिल्याचा अनुभव त्यांना आला, असे त्यांचे चरित्रकार लिहितात.

विरोध केवळ परक्यांचा नव्हता. त्यांचे आध्यात्मिक गुरू संत फिलिप नेरी यांनाही हा बेत पसंत पडला नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाने हातचे चांगले काम सोडून नवी मंडळी काढू नये, असे त्यांचे मत होते. दोन संतांत मतभेद होऊ शकतो, आणि दोघेही संतच राहतात, हे आमच्यासारख्या भांडखोरांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. धर्मगुरू झाल्याशिवाय मरणाऱ्याची पूर्ण सेवा करता येणार नाही हे ओळखून कामिलस बत्तिसाव्या वर्षी येशूसंघीयांच्या रोममधील महाविद्यालयात लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसले. तो उंचच उंच देह त्या बाकावर दुमडून बसलेला पाहून मुले हसत. इ. स. १५८४ च्या पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमारास त्यांना गुरुदीक्षा मिळाली; ती देणारे बिशप थॉमस गोल्डवेल हे इंग्लंडमधून परागंदा झालेले वृद्ध बिशप होते. तेथून पुढे कामिलस आणि त्यांची मंडळी संत याकोबाचे इस्पितळ सोडून पवित्र आत्म्याच्या मोठ्या इस्पितळात सेवेला जाऊ लागली.

त्यांनी मंडळीसाठी जे नियम घालून दिले त्यांचा गाभा एकच होता. एकुलत्या एका आजारी लेकराची आई ज्या मायेने शुश्रूषा करते, तीच माया दुखणेकऱ्यासाठी देवाजवळ मागावी आणि तशीच सेवा करावी. मंडळी सगळी पुरुषांची, त्यातून काही जण पूर्वीचे शिपाईगडी. आणि त्यांच्यासमोर आदर्श ठेवला तो आईचा! अंथरूण बदलणे, तोंड धुणे, पाय गरम ठेवणे, हलक्या हाताने घास भरवणे ही सारी कामे नियमात लिहिली होती. कामिलस स्वतः रोग्यासमोर गुडघे टेकून त्याला भरवीत, कारण त्यांच्या डोळ्यांना तेथे प्रभू येशूच दिसे. एकदा इस्पितळाच्या मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना बोलावणे धाडले, तेव्हा आपण आता प्रभूच्या सेवेत आहोत, ती झाली की येतो, असा निरोप त्यांनी उलट पाठवला.

मरणासन्नांविषयी त्यांचा कटाक्ष विशेष होता. मरणाऱ्याला एकटे सोडायचे नाही. प्राण गेलासे दिसले तरी निदान पाव तास आत्म्यासाठी प्रार्थना चालू ठेवायची आणि चेहरा झाकण्याची घाई करायची नाही. जिवंत माणूस पुरला जाऊ नये, हे याचे एक कारण. पण आम्हांस वाटते, त्या पाव तासात आणखीही काही होते. जो आता कोणाच्याच उपयोगाचा राहिला नाही, ज्याच्यापासून बिदागी नाही की आभार नाहीत, त्याच्यासाठी बलवान माणसे पाव तास थांबत. रोममधील लोकांनी या मंडळीला सुमरणाचे पाद्री असे नाव दिले, आणि घरोघरची बोलावणी येऊ लागली. या मंडळीतले दोघे एका मरणाऱ्यापाशी बोलत असता देवदूत त्यांच्या कानांत शब्द सांगत असल्याचे संत फिलिप नेरी यांनी पाहिले, अशी आख्यायिका आहे. ज्यांनी विरोध केला, त्यांच्याच तोंडून ही साक्ष आली.

इ. स. १५८६ मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी मंडळीला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी काळ्या झग्यावर छातीशी लाल क्रूस लावण्याची परवानगी मिळाली. आईच्या स्वप्नाचा अर्थ तेव्हा उलगडला. इ. स. १५९१ मध्ये पोप चौदावे ग्रेगरी यांनी तिला संघाचा दर्जा दिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांपुढे या संघाचे चौथे व्रत असे की, प्लेगसारख्या साथीतही, जिवावर बेतले तरी, दुखणेकऱ्यांची सेवा सोडायची नाही. हे व्रत कागदावरचे नव्हते. नेपल्सच्या बंदरात साथ लागलेली जहाजे आली आणि शहरात त्यांना कोणी घेईना, तेव्हा संघाचे बंधू जहाजांवर गेले. त्यांतले काही परत आले नाहीत. हंगेरीतील लढाईच्या छावण्यांत जखमींच्या सेवेसाठी त्यांनी माणसे पाठवली, ती रेडक्रॉस संस्था जन्मण्याआधी अडीचशे वर्षांहून अधिक. इ. स. १५९८ च्या नाताळात तिबेर नदीला महापूर आला, त्या वेळी पवित्र आत्म्याच्या इस्पितळातील रोगी पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेणाऱ्यांत कामिलस पुढे होते. पायाची जखम तेव्हाही वाहतच होती.

परंतु या चरित्राचा सर्वांत अवघड भाग साथींचा नव्हे. तो घरातल्या भांडणाचा आहे. इ. स. १५९४ मध्ये मिलान येथील मोठ्या इस्पितळाची सर्व सेवा, रात्रंदिवस, झाडलोटीपासून पवित्र संस्कारांपर्यंत, कामिलस यांनी आपल्या अंगावर घेतली. संघातील पुष्कळांना हे पटले नाही. धर्मगुरूंनी आत्मे सांभाळावेत, पापनिवेदन ऐकावे, मरणाऱ्याजवळ प्रार्थना करावी. मलमूत्र काढायला आणि खाटा सारायला नोकर आहेतच, असे ते म्हणत. शिवाय संघावर कर्ज वाढत होते, आणि माणसे श्रमाने व रोगाने मरत होती. ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती. कर्ज खरे होते आणि कबरीही खऱ्या होत्या. पण कामिलस यांचे मन एकाच गोष्टीवर ठाम होते. ज्याचे अंथरूण ओले आहे, त्याच्याशी स्वर्गाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने बोलायच्या? देह एकाने पाहावा आणि आत्मा दुसऱ्याने, अशी वाटणी मरणाऱ्या माणसाची करता येत नाही. वाद पोपमहाराजांपर्यंत गेला, आणि इ. स. १६०० मध्ये पोप आठवे क्लेमेंट यांनी इस्पितळातील सेवेला मान्यता देणारा, पण तिची व्यवस्था बांधून देणारा, निर्णय दिला. तंटा तरी पूर्ण शमला नाही. इ. स. १६०७ मध्ये कामिलस यांनी संघाचे प्रमुखपद सोडले आणि पुन्हा साधे सेवक झाले.

या वादात कामिलस यांची बाजू खरी होती, असे आम्हांस वाटते. आणि ती आजच्या काळी अधिकच खरी आहे. आज इस्पितळे स्वच्छ आहेत, परिचारिका शिकलेल्या आहेत. वाटणी मात्र वाढली आहे. देह यंत्राकडे, पैसा मुलांकडे, आत्मा फादरांकडे, आणि माणूस कोणाकडेच नाही. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर नातलग बसलेले असतात, आणि आत बाप एकटा जातो. अशा वेळी यंत्र काढावे की ठेवावे, हा प्रश्न आला की भाविक कुटुंबे गांगरतात. यंत्र काढणे म्हणजे खून तर नव्हे, असे त्यांस वाटते. म्हणून येथे थोडे विषयांतर करून सांगतो. कामिलस यांच्याच हयातीत, इ. स. १५९५ मध्ये, स्पेनमधील धर्मपंडित दोमिंगो बान्येस यांनी प्राणरक्षणाच्या साधारण आणि असाधारण उपायांत भेद केला. साधारण उपाय करणे कर्तव्य आहे. असह्य यातनेचे किंवा आवाक्याबाहेरचे उपाय नाकारण्यात पाप नाही. पोप बारावे पायस यांनी इ. स. १९५७ मध्ये डॉक्टरांपुढे हीच शिकवण पुन्हा मांडली, आणि वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे उणावण्याचा संभव असला, तरी मृत्यू हा हेतू नसल्यास ते औषध निषिद्ध नाही, हेही स्पष्ट केले. जाणूनबुजून प्राण घेणे ही निराळी गोष्ट. ती ख्रिस्तसभेने कधीच मान्य केलेली नाही. आपल्या देशातही ९ मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, बरे होण्याची आशा उरली नसता केवळ मरण लांबवणारे उपचार थांबवण्यास आणि तशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मुभा दिली. औषध देऊन मारणे मात्र गुन्हाच राहिला. उपचार थांबले तरी सेवा थांबत नाही, हे दाखवणारे शांती अवेदना सदन इ. स. १९८६ पासून मुंबईत वांद्र्याला उभे आहे. ज्यांच्या कर्करोगावर इलाज उरला नाही, त्यांच्यासाठी ते काढले.

फादरांना बोलावण्याच्या भीतीविषयीही एक शब्द. ज्या संस्काराला आपले पूर्वज शेवटचे तैलाभ्यंग म्हणत, त्याला दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने इ. स. १९६३ मध्ये रुग्णाभ्यंग हे नाव अधिक योग्य ठरवले. तो केवळ अखेरच्या घटकेचा संस्कार नव्हे; आजाराने किंवा वार्धक्याने जीव धोक्यात येऊ लागला की त्याची वेळ झाली. नाव बदलून साठ वर्षे उलटली, पण भीती जुन्याच नावाची राहिली आहे.

असो. कामिलस यांचा स्वतःचा अंतकाळ कसा झाला, ते सांगून हे चरित्र पुरे करतो. पायाची जखम, अंतर्गळ, मूतखडा, पोटाचा विकार अशी दुखणी त्यांनी वर्षानुवर्षे सोसली, आणि त्यांना ते देवाच्या कृपा म्हणत. शेवटच्या काळात कोणी आपल्या सेवेला बसलेले त्यांना खपत नसे. ज्यांना अधिक गरज आहे, त्यांच्याकडे ते बंधूंना पाठवून देत. उभे राहवेना, तेव्हा रात्री अंथरुणातून उतरून, खाटांच्या कडा धरत, सरपटत ते एकेका रोग्यापाशी जात आणि त्याला काही हवे नको पाहत. इ. स. १६१४ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आशा सोडली, आणि ती गोष्ट त्यांच्यापासून कोणी लपवली नाही. लपवली असती, तर ज्याने आयुष्यभर इतरांना या घटकेसाठी तयार केले, त्याचीच तयारी राहून गेली असती. ते आनंदले आणि त्यांनी वाटेची शिदोरी, म्हणजे प्रभूचे पवित्र शरीर, मागून घेतले. कार्डिनल जिन्नासी यांनी ते आणून दिले. मग तैलाभ्यंग झाले. १४ जुलै १६१४ रोजी, आपल्याच बंधूंच्या मध्ये, क्रुसासारखे हात पसरून त्यांनी प्राण सोडला. वय चौसष्ट वर्षांचे.

इ. स. १७४६ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद दिले. पोप तेरावे लिओ यांनी इ. स. १८८६ मध्ये संत जॉन ऑफ गॉड यांच्यासह त्यांना रोग्यांचे व इस्पितळांचे, आणि पोप अकरावे पायस यांनी इ. स. १९३० मध्ये परिचारकांचे आश्रयदाते नेमले. रोममध्ये मरिया माग्दालेनाच्या मंदिरात त्यांचे शव ठेवलेले आहे, आणि मोडलेल्या प्रार्थनेच्या खोलीतून उचलून नेलेला तो क्रूसही त्याच मंदिरात आहे.